दुपारी झोपा, रात्री भटका: स्पेनला शिकणाऱ्यांचे (आणि त्यांच्या आयांचे) प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की ग्रानादाला मास्टर्स करताना पहिले दोन महिने मी डोंबिवलीच्या घड्याळाने जगले, म्हणजे साडेसातला जेवण, दहाला अंथरूण, आणि मग रडायचं की इथे काही घडतच नाही. त्यावर एवढी पत्रं आली की विचारू नका. त्यातली काही इथे घेतेय. फी, स्कॉलरशिप, व्हिसा हे सगळं पुढच्या वेळी, आज फक्त हुंदडणं.

प्रश्न: माझा मुलगा सप्टेंबरपासून ग्रानादाला शिकायला आहे. पहाटे ३ वाजता त्याचा फोटो येतो, समोर ग्लास, बशीत काहीतरी तळलेलं, मागे दहा पोरंपोरी दात काढतायत. सकाळी १० ला फोन केला की उचलत नाही. हा अभ्यास कधी करतो?
— एक आई, इस्लामपूर

उत्तर: काकू, आधी हिशोब करू. हिवाळ्यात स्पेन आपल्या साडेचार तास मागे असतो, म्हणजे तुमचे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि साडेदहा ही तिथे जेवायची वेळ आहे, त्याच बारमध्ये शेजारच्या टेबलावर आजीआजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असणार. आणि तुम्ही सकाळी दहाला फोन करता तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच. मी पण उचलला नसता हो.

हे असं का, तर स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली येतो पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली ती जर्मनीच्या वेळेला नेऊन ठेवली आणि नंतर कोणी मागे घेतलीच नाहीत. त्यामुळे जूनमध्ये ग्रानादाला सूर्य मावळतो रात्री साडेनऊनंतर. दुपारचं जेवण दोन-तीनला, दुकानं पाचपर्यंत बंद, आणि खरा दिवस सुरू होतो संध्याकाळी. तुमचा मुलगा वाया गेलेला नाही, तो तिथल्या वेळेला लागलाय, आणि माझ्यापेक्षा लवकर लागलाय.

बशीचं सांगते. ग्रानादात ड्रिंक मागवलं की सोबत खायला फुकट येतं, त्याला तापा म्हणतात, अडीच-तीन युरोत पेय आणि खाणं दोन्ही, असे तीन बार केले की विद्यार्थ्याचं जेवण झालं. ग्लासात काय होतं ते मी कसं सांगू? मोस्तो नावाचा द्राक्षाचा रस मिळतो, त्यावरही तापा येतोच, माझ्या आईला मी कायम मोस्तोच सांगायचे (आणि बऱ्याचदा खरंच मोस्तोच असायचा, आई हे वाचत असेल तर). अभ्यासाची काळजी असेल तर परीक्षा जानेवारी आणि जूनच्या आसपास असतात, तेव्हा फोटो येणं बंद झालं की समजा पोरगं लायब्ररीत आहे.

प्रश्न: ताई, मी सासवडची, ग्रानादाला एक वर्षाचा कोर्स करतेय. आम्ही चौघी फ्लॅटमध्ये, चौघी भारतातल्या. दुपारी सगळं बंद, मग कंटाळा. बाहेर जावंसं वाटतं पण स्पॅनिश धड येत नाही, इंग्लिश बोलावं पण समोरच्याला येत नाही, एकटीने जावं पण कसंतरी वाटतं. शिवाय इथले लोक खडूस आहेत, दुकानदार तर अंगावर येतो.
— कंटाळलेली

उत्तर: तीन 'पण' मोजले मी. 'पण'ला स्पॅनिशमध्ये म्हणतात पेरो, आणि ग्रानादात पेरो म्हणजे एक जातीचं सफरचंदसुद्धा. तर ३ मेला तिथे दिया दे ला क्रूस असतो, चौकाचौकात लाल कार्नेशनच्या फुलांचे मोठे क्रॉस उभे करतात, शेजारी तांब्याची भांडी, भरतकामाच्या शाली मांडतात, आणि त्यातच एक सफरचंद ठेवलेलं असतं ज्यात कात्री खुपसलेली. म्हणजे कोणी येऊन 'छान आहे, पण...' म्हणायला लागला की त्याचा 'पण' तिथेच कापला. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी कात्री विसरून गेलंय, उचलून द्यायला निघाले होते. मैत्रिणीने हात धरला म्हणून.

आता खडूसपणा. अगं त्याला तिथे नाव आहे, मालाफोया (शब्द जरा गावरान आहे, सरांसमोर वापरू नकोस). ग्रानादाच्या माणसाचा तो कोरडा, तिरसट बोलण्याचा बाज अख्ख्या स्पेनमध्ये प्रसिद्ध आहे आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. तू पुण्याच्या एवढ्या जवळची, पाट्या वाचून मोठी झालेली, तुला हे कळायला वेळ लागायला नको होता! माझा भाजीवाला पहिले चार महिने माझ्याशी एक शब्द नीट बोलला नाही आणि निघायच्या दिवशी डाळिंबांची पिशवी हातात कोंबून 'पैसे नकोत, जा आता' म्हणाला, तेही वैतागूनच.

दुपारबद्दल म्हणशील तर दुपार झोपायला असते, झोप. झोप येत नसेल तर दार्रो नदीकाठी पासेओ दे लोस त्रिस्तेसला जाऊन बस. नावाचा अर्थ दुःखी लोकांचा रस्ता, कारण पूर्वी प्रेतयात्रा तिथून स्मशानाकडे वर जायच्या. आता मात्र वर अलहाम्ब्रा या जुन्या किल्ल्याच्या भिंती, खाली पाण्याचा आवाज, कठड्यावर बसलेली पोरं, दुःख वगैरे काही नाही.

रात्री नऊनंतर बाहेर पड आणि त्या तिघींपैकी कोणालाही सोबत नेऊ नकोस. राग मानू नकोस, पण चार मराठी-हिंदी बोलणाऱ्या एका टेबलावर बसल्या की स्पॅनिश दारातूनच परत जातं. बारमध्ये इंतेरकांबियो असतात, अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास इंग्लिश, एकटीनेच यायचं असतं तिथे, सगळे एकटेच आलेले असतात. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, कारण आंदालुसियातले, म्हणजे दक्षिण स्पेनमधले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, ग्रासियासचं 'ग्रासिया' होतं, 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो'. मला एकाने विचारलं भावंडं किती, मी म्हटलं 'सी, सी', म्हणजे हो, हो.

आणि सासवडची आहेस म्हणून एक खास काम सांगते. ग्रानादाहून समुद्राकडे बस पकड, साधारण दीड तासात आलमुन्येकार. तिथल्या उतारांवर चिरिमोयाच्या बागा आहेत, चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाचं सख्खं भावंड, दोघांचंही मूळ अमेरिका खंडातलं. ऑक्टोबरपासून बाजारात येतात. साल आपल्यासारखी डोळ्याडोळ्यांची नाही, गुळगुळीत असते, पाकळ्या सुट्या होत नाहीत, चमच्याने खायचं. घेताना विक्रेत्याला म्हण आमच्या गावचं यापेक्षा भारी असतं. बघ मग तो तुझ्याशी किती बोलतो! स्पॅनिशचा फुकट क्लास.

प्रश्न: मी शुद्ध शाकाहारी. मित्रांसोबत तापाला जातो आणि दर वेळी ऑलिव्ह खाऊन परत येतो. 'वेजितारिआनो' सांगूनही सॅलडमध्ये मासा निघाला. काय करावं?
— नाशिककर, सध्या सेव्हिल

उत्तर: तो मासा म्हणजे ट्यूना, त्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात आतून, आणि तो खरोखरच आतून निघतो. पानं बाजूला केलीस की खाली बसलेला असतो. नुसतं वेजितारिआनो म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच जुन्या माणसांच्या डोक्यात कार्ने म्हणजे फक्त मटण-बिटण, मासा वेगळा, आणि खामोन म्हणजे ते वाळवलेलं डुकराचं मांस तर जणू मिठासारखं, ते मोजतच नाहीत. म्हणून पूर्ण मंत्र म्हणायचा: नो कोमो नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन. अंडंही चालत नसेल तर सिन ह्वेवो. आणि तोर्तिया मागवलीस तर मेक्सिकोची पोळी येणार नाही, बटाट्याचं जाड ऑम्लेट येईल, हे लक्षात ठेव.

आता चांगली बातमी. बेरेनखेनास कोन मिएल दे कान्या मागव. वांग्याचे काप, कुरकुरीत तळलेले, वरून चक्क काकवी. मिएल दे कान्या म्हणजे उसाची काकवीच, आंदालुसियाच्या किनाऱ्यावर अरबांनी आणलेला ऊस शेकडो वर्षं पिकायचा, त्याची आठवण. मी पहिला घास घेतला आणि कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर जाऊन आले. तुमच्या सेव्हिलमध्ये एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मिळतं, पालक आणि काबुली चणे, जिरं घातलेलं. डोळे मिटून खाल्लंस तर घरचं वाटेल.

जाता जाता: भाजीच्या दुकानात बटाटा मागताना पताता म्हण. मी ऐटीत 'बताता' म्हटलं, म्हटलं आपला शब्द इकडूनच तर आलाय, आणि त्याने मला दोन किलो रताळी दिली. बताता म्हणजे तिथे रताळं. आठवडाभर उपवास नसताना कीस खाल्ला.

प्रश्न: सह्याद्रीत दहा वर्षं फिरतोय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा केलाय. सध्या ग्रानादाला पीएचडी. मार्चमध्ये सुट्टी आहे, मुलासेन शिखर एकट्याने करायचा विचार आहे. शूज आहेत, बॅग आहे. अजून काय लागेल?
— ठाणेकर भटक्या

उत्तर: अक्कल लागेल. सॉरी, पण हे थोडं जोरात बोलणं भाग आहे.

नळीची वाट केलीस, मानलं तुला. पण कळसूबाई १६४६ मीटर, मुलासेन ३४७९, दुपटीपेक्षा जास्त, आणि मार्चमध्ये तो सगळा वरचा भाग बर्फात असतो. मऊ पांढरा फोटोतला बर्फ नाही, सकाळी तो काचेसारखा कडक असतो, एकदा पाय सुटला की थांबायला ना झुडूप ना कातळ. क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी दाते) आणि आइस अॅक्स लागतात आणि नुसते असून उपयोग नाही, घसरल्यावर अॅक्सने स्वतःला कसं थांबवायचं ते शिकलेलं असावं लागतं, जे सह्याद्री आपल्याला शिकवत नाही. सह्याद्री घसारा शिकवतो, एक्स्पोजर शिकवतो, पाणी जपून प्यायला शिकवतो. बर्फ नाही.

मी काय केलं ते ऐक. मेच्या शेवटी, खाली ग्रानादात लोक चड्डीबनियनवर फिरतायत, मी माझे राजगड-तोरण्याचे शूज घालून वेलेताच्या वाटेला लागले, ते शेजारचं शिखर. रस्ता आहे, गवत आहे, मग एक बर्फाचा पट्टा आला, जेमतेम आपल्या अंगणाएवढा, म्हटलं हा तर चार पावलांत पार. तिसऱ्या पावलाला बसले आणि बसूनच खाली गेले, पँट फाटली, तळहात सोलले, खाली दगड होते ते नशीब की दुर्दैव अजून ठरवलेलं नाही. एक म्हातारं जोडपं काठ्या टेकत आलं, त्यांनी हात दिला, आणि आजींनी मला जे काही सुनावलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही हे बरंच झालं.

तर मुलासेन जुलैमध्ये कर. आलपुखारा भागात कापिलेइरा नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे, उन्हाळ्यात तिथून पार्कची छोटी बस वर सोडते, पुढे अडीच-तीन तासांची चढण, मळलेली वाट. हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे आफ्रिका दिसते. डोंगराला नाव मिळालंय ते मुले हसन या सुलतानाचं, ग्रानादाच्या शेवटच्या राजाचा बाप, त्याला शिखरावर पुरलंय अशी कथा आहे. पहाटे सहाला निघायचं बरं का, स्पेनमध्ये माणसं वेळेवर उठतात ती फक्त डोंगरात, दुपारनंतर वर विजा पडतात.

मार्चमध्येच खाज असेल तर मोनाचीलचे लोस काओरोस कर. शहराजवळच, लोकल बसने जाता येतं, घळीतून वाट, झुलते पूल, काही ठिकाणी कातळाला लोखंडी कड्या धरून पाठीमागे झुकत सरकायचं. तुला घरच्यासारखं वाटेल. किंवा बर्फच हवा असेल तर सिएरा नेवादाच्या स्की सेंटरला बसने जा आणि क्लास लावून पड, तिथे पडायचे पैसे घेतात पण खाली दगड नसतात. मोबाइलमध्ये ११२ नंबर असू दे, आणि कुठे चाललायस ते फ्लॅटमेटला सांगून जा.

प्रश्न: आईबाबा मेमध्ये ग्रानादाला येतायत. अलहाम्ब्राचं तिकीट तिथे जाऊन काढता येईल ना?
— घाईत

उत्तर: नाही! आत्ता, हे वाचून होण्याआधी, ऑनलाइन काढ. मेमध्ये काही आठवडे आधीच संपतात. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बघतात, आणि आतल्या नास्री राजवाड्यांची वेळ ठरलेली असते, ती चुकली की गेली. माझी गेली. आईबाबा आले होते, मी गाइडच्या थाटात त्यांना आधी बागा दाखवत बसले, खेनेरालीफेच्या त्या बागा ते राजवाडे अंतर बरंच आहे हे मला माहीत असून, आणि बाबांना दर कारंज्यापाशी फोटो हवा. पोचलो तेव्हा आमच्या वेळेला वीस मिनिटं उलटून गेलेली. सिंहांचं कारंजं बाबांनी शेवटी पोस्टकार्डावर बघितलं आणि ते अजूनही दर दिवाळीला त्याचा उल्लेख करतात. तर राजवाडे आधी, बागा नंतर. संध्याकाळी आलबाइसिन या जुन्या वस्तीत सान निकोलासच्या कठड्यावर ने, समोर अख्खा लालसर अलहाम्ब्रा आणि मागे बर्फाचे डोंगर, त्याला तिकीट नाही. फक्त आईची पर्स पोटाशी धरायला सांग, गर्दी असते.

प्रश्न: सालामांकाला सेमिस्टर एक्सचेंजला आलेय. सगळे विचारतात बेडूक सापडला का. कसला बेडूक?
— कन्फ्युज्ड

उत्तर: तुमच्या युनिव्हर्सिटीच्या, जी १२१८ सालची आहे, जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडी नक्षीची नुसती गर्दी आहे आणि त्यात कुठेतरी एक बेडूक कोरलाय. कोणाच्या मदतीशिवाय ज्याला सापडतो तो पास, अशी समजूत. तो कशावर बसलाय तेवढं सांगते, कवटीवर. कुठे ते नाही सांगणार, नापास झालीस तर माझ्यावर येईल. कॅथेड्रलच्या एका दारावर अंतराळवीर पण आहे, तो मात्र जुना नाही, १९९२ च्या डागडुजीत कारागिरांनी मुद्दाम घातलेला, त्यामुळे 'प्राचीन एलियन'वाले व्हिडिओ पाठवणाऱ्या मामांना हे कळव. ईस्टरनंतर दुसऱ्या सोमवारी लुनेस दे आग्वास असतो, सगळं गाव आणि विद्यार्थी तोर्मेस नदीकाठी डबे घेऊन बसतात. ओर्नासो खातात, मांस-अंडं भरलेला मोठा पाव. त्या सणाची मूळ गोष्ट वात्रट आहे, कुठल्याही स्थानिक मित्राला विचार, रंगवून सांगेल.

प्रश्न: ईस्टरच्या सुट्टीत कामिनो दे सान्तियागो चालायचा विचार आहे. आजोबा वारकरी, त्यांना म्हटलं ही स्पेनची वारी. बरोबर सांगितलं का?
— माद्रिदहून एक पंढरपूरकर

उत्तर: अर्धं बरोबर. सारिया गावापासून यात्रा संपते त्या सान्तियागोपर्यंत साधारण ११५ किलोमीटर, पाच-सहा दिवस, सुट्टीत बसतं. चालत किमान १०० किलोमीटर केले तर कोंपोस्तेला नावाचं प्रमाणपत्र मिळतं, लॅटिनमध्ये, तुझं नाव पण लॅटिन करून लिहायचा प्रयत्न करतात. त्यासाठी क्रेदेन्सियालवर म्हणजे वहीवर रोज दोन शिक्के घ्यायचे, चर्चमध्ये, बारमध्ये, कुठेही मिळतात. पिवळे बाण बघत जायचं, चुकायला होत नाही.

पण वारीत दिंडी असते, टाळ असतात, सामान ट्रकमधून पुढे जातं आणि मुक्कामाला पिठलं-भाकरी तयार. इथे तू, तुझी बॅग आणि तिथल्या गालिसिया भागाचा पाऊस. भजन नाही, बराच वेळ कोणी बोलतही नाही, आणि मला ते पहिले दोन दिवस खायला उठलं, तिसऱ्या दिवशी मी एकटीच मोठ्याने 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत चालले होते, मागून येणाऱ्या कोरियन काकांनी ठेका धरला. सरकारी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आगाऊ बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याला पलंग, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत पोच. आणि रात्री दहाला दार बंद, दिवे बंद. अख्खा स्पेन जेवायला बसतो तेव्हा यात्रेकरू घोरत असतात. पॉन्चो घे, सुती मोजे घेऊ नकोस. २०२७ ला २५ जुलै, म्हणजे संत सान्तियागोचा सण, रविवारी येतोय, म्हणजे पवित्र वर्ष, तेव्हा तोबा गर्दी असेल, शक्य असेल तर त्याआधी उरक.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये वालेन्सियाला मास्टर्ससाठी जातोय. टोमॅटोची होळी खेळायचीच आहे, पिक्चरमध्ये बघितल्यापासून स्वप्न आहे. कधी असते?
— सोलापूरचा

उत्तर: ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. म्हणजे तू पोचशील तेव्हा ती जिथे होते त्या बुन्योल गावचे रस्ते धुऊन झालेले असतील, आणि पुढच्या ऑगस्टला तू बहुतेक प्रबंध लिहीत असशील. आता तिकीट लावलंय, लढाई तासभर चालते, अंगाला तीन दिवस वास येतो, माझ्या मते एकदा ठीक आहे, नाही केलंस तरी काही अडत नाही.

तुझ्या वालेन्सियात त्यापेक्षा भारी सण आहे ना, फाय्यास! मार्चमध्ये. प्रत्येक गल्लीचं मंडळ, हो मंडळच म्हणते मी, वर्षभर वर्गणी काढतं, शेजारच्या गल्लीशी चढाओढ करून लाकूड-कागद-थर्माकोलचे अवाढव्य देखावे उभे करतं, पुढाऱ्यांची टिंगल करणारे, आणि १९ मार्चच्या रात्री सगळे जाळून टाकतं. लोकांच्या मतदानाने एखाददुसरी मूर्ती वाचवतात, तिला जाळत नाहीत, म्युझियममध्ये ठेवतात. १ तारखेपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता असतो, भर उन्हात फटाके, कारण तो बघायचा नसतो, ऐकायचा असतो, पोटात जाणवतो. तोंड उघडं ठेवून उभं राहा, कानाला कमी त्रास होतो. तुला चढाओढीची सवय असेलच, फक्त नाचायला डीजे शोधू नकोस, इथे बँड असतो.

आणि त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी कढया लागतात, ब्युन्येलोस तळतात, लाल भोपळ्याच्या पिठाचे, साखरेत घोळवलेले. खाऊन बघ आणि आईला फोन करून सांग की स्पेनमध्ये घारगे मिळतात. भोक मात्र मध्ये असतं. माझ्या आईने विचारलं होतं, भोक कशाला, तेवढं तळायचं वाया जातं.